परिशिष्टातल्या बेचाळीस जणी

चारुलता देवस्थळीनं एकोणीस वर्षांच्या नोकरीत हट्ट असा एकच धरला होता, आणि तो पुरा झाला तेव्हा तिला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली, तिसऱ्या मजल्यावरची, प्रबंधांची कपाटं तिला उघडायची होती.

विद्यापीठ तमिळ मुलखातल्या तांबरमच्या पुढे दोन स्टेशनांवर. नवरा मकरंद तांबरमला हवाई दलाच्या तळावर नागरी नोकरीत होता. त्याच्याबरोबर ती साताऱ्याहून इथं आली, ग्रंथालयशास्त्राची पदवी हाताशी होती म्हणून साहाय्यक म्हणून लागली आणि यथावकाश उपग्रंथपाल झाली. तमिळ बोलायला शिकली, वाचायलाही शिकली. त्या कपाटांशी मात्र तिचं पहिल्यापासून जमलं नाही. चाळीस वर्षांतले पीएच.डी.चे प्रबंध, काळ्या पुठ्ठ्याचे, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि सगळे कुलपात. वाचायचा असेल तर विभागप्रमुखाची चिठ्ठी आणायची, खिडकीशी बसून वाचायचा, झेरॉक्स काढायची नाही.

२००३ साली तिरुनेलवेलीकडच्या एका कॉलेजातल्या बाई आल्या होत्या. जमिनीतल्या क्षारांवरचा एक प्रबंध त्यांना हवा होता. तीन दिवस त्या तक्त्यांमागून तक्ते हातानं उतरवत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बोटं उघडमीट करत बसल्या, तेव्हा चारुलता उठून सरळ शेषाद्रींच्या केबिनमध्ये गेली.

शेषाद्री मुख्य ग्रंथपाल. सज्जन माणूस, पण भांडणतंटा म्हटला की काढता पाय घेणारा.

“सर, लोकांच्या पैशावर झालेलं संशोधन हे. ते वाचायला लोकांनी आपल्यापुढं हात पसरायचे?”

“पद्धत आहे अम्मा,” शेषाद्री म्हणाले.

“मग पद्धत बदलू या.”

बदलायला दोन वर्षं गेली. कुणी म्हणालं, प्रबंध चोरले जातील. कुणी म्हणालं, आमच्या जुन्या चुका जगाला कशाला दाखवायच्या. शेवटी २००५ मध्ये मंजुरी आली आणि विद्यापीठाचं खुलं भांडार सुरू झालं. प्रबंध स्कॅन करून संगणकावर चढवायचे, आणि जगात कुणीही, कुठूनही, चिठ्ठीशिवाय वाचायचे. नुसती पानांची चित्रं ठेवून भागणार नाही, प्रत्येक शब्द शोधता आला पाहिजे, हा आग्रहही चारुलताचाच. शोधयंत्रात कुणी एखादा शब्द टाकला, तर आपल्या कपाटातलं पान त्याच्यासमोर यायला हवं, असं ती म्हणायची. विद्यापीठाच्या वर्धापनदिनापर्यंत हजार प्रबंध चढवायचं तिनं कुलगुरूंना कबूल केलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी हजारावा चढला. पुढं धारवाडहून, गुवाहाटीहून, एकदा तर नैरोबीहून आभाराची पत्रं आली. ती तिनं टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली.

ऑगस्ट २००७ मध्ये एके सकाळी एक गृहस्थ तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. साठीचे, पांढरा शुभ्र शर्ट, कपाळाला गंधाची रेघ. तिच्या नावाची पाटी त्यांनी दोनदा वाचली.

“तुम्ही मराठी कीं?”

“हो. आपण?”

“आम्हीहि. तंजावरचे. माझें नांव व्यासराज राव.”

तंजावरकडची मराठी चारुलतानं याआधीही ऐकली होती. तीनशे वर्षांपूर्वी तिकडं गेलेल्या घरांची भाषा, जुन्या पोथीत असावी तशी, आणि तिला तमिळ हेल. एरवी ती हौसेनं गप्पा मारत बसली असती. पण गृहस्थ बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्यापुढं उलगडला.

“हें तुम्हींच घातलेंत?”

इंग्रजी टंकलेखनाचं जुनं पान, वर विद्यापीठाचा शिक्का. चारुलता वाचू लागली. नाव सईबाई. वय चोवीस. नवऱ्याचं नाव, तंजावरमधल्या गल्लीचं नाव, घराचा नंबर. पहिल्या बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी मनाचा तोल गेला. १९७४ च्या फेब्रुवारीत नवऱ्यानं आश्रयगृहात आणून सोडलं. त्यानंतर घरचं कुणी भेटायला आलं नाही. नवऱ्यानं शेजारीपाजारी ती वारल्याचं सांगितल्याचं कळतं.

“माझ्या मुलाचें लग्न ठरलें होतें,” व्यासराज राव म्हणाले. त्यांचा आवाज खाली होता, पण कागदावरच्या नवऱ्याच्या नावावर त्यांनी बोट दाबून धरलं होतं. “मुलीकडल्यांनीं आमचें नांव कंप्यूटरांत घालून पाहिलें. अस्कें बाहेर आलें. लग्न मोडलें.”

‘अस्कें’ म्हणजे सगळं, हे तिला प्रसंगावरूनच कळलं.

“ह्या सईबाई…”

“माझी पहिली बायको. आतां घरांत आहे तिच्याशीं मीं शहात्तरांत लग्न केलें. एकतीस वर्षें तिनें माझें घर चालवलें. पहिली जिवंत असतां दुसरी केली, म्हणजे ही कोण ठरते? तुम्ही बाईमाणूस, तुम्हींच सांगा. तिला मीं काय सांगूं?”

चारुलतानं कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला.

“हें काढून टाका. नाहींतर मला वकिलाकडे जावें लागेल.”

ते गेले. तिनं पाण्याचा ग्लास उचलला, तसाच ठेवला आणि तिसऱ्या मजल्यावर गेली.

प्रबंध १९७९ चा होता, समाजकार्य विभागाचा. कुटुंबांनी टाकून दिलेल्या स्त्री मनोरुग्णांचा अभ्यास. लिहिणारे डॉ. राममूर्ती. मुख्य भागात आकडे, तक्ते, चर्चा. आणि शेवटी परिशिष्ट. परिशिष्टात बेचाळीस बायका. प्रत्येकीची दोन-तीन पानं, आणि प्रत्येकीचं नाव, वय, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, पत्ता. कुणाला आकडी यायची, कुणाला बापानं साखळीनं बांधलं होतं, कुणाचा गर्भ पाडला होता. सगळं नावानिशी. आत अडकवलेल्या तपासणीच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं ‘पाहिलं, चा. दे.’ असं तिच्याच अक्षरात होतं. तारीख वर्धापनदिनाच्या चार दिवस आधीची. त्या दिवशी तिनं साठ प्रबंध पाहिले होते. पाहिले म्हणजे शीर्षक, अनुक्रमणिका, पानांची संख्या.

ती सईबाईची पानं वाचत गेली. दुसऱ्या पानावर राममूर्तींनी लिहिलं होतं की ही बाई एरवी तमिळमध्ये नीट उत्तरं देते, पण झटका आला की असंबद्ध बडबडते. त्या बडबडीचा नमुना म्हणून त्यांनी कानाला ऐकू आले तसे चार ओळींचे आवाज रोमन अक्षरांत टिपले होते. खाली शेरा: अर्थहीन उच्चार; रुग्णेची स्वतःची खासगी भाषा असावी.

चारुलतानं ती अक्षरं ओठांतल्या ओठांत वाचली. पहिल्यांदा अडखळली. दुसऱ्यांदा अडखळली नाही.

बाळ कोठें आहे. बाळाला दूध द्यावयाचें आहे. दूध वाहतें आहे. मला घरीं न्या.

टंकलेखक, मार्गदर्शक, परीक्षक, इतक्यांच्या नजरेखालून हे पान गेलं होतं, आणि त्यांच्यापैकी कुणालाही हे कळणार नव्हतं. तिला कळलं असतं. चढवण्याआधी सहा महिने ते तिच्या टेबलावर पडून होतं.

त्याच दिवशी तिनं तो एक प्रबंध भांडारातून उतरवला. तरी आठवड्याभरात वकिलाची नोटीस आलीच. शेषाद्रींनी ती तिच्यासमोर धरली तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“मी म्हणत होतो अम्मा. कुलसचिव म्हणतात, भांडारच बंद करा. समिती नेमली आहे.”

“एका प्रबंधासाठी हजार बंद करायचे?”

“आणखी कशाकशात काय काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे का?”

चारुलतानं राममूर्तींचा पत्ता शोधून काढला.

राममूर्ती पश्चिम तांबरमला राहत होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, बायको वारलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. चारुलतानं प्रबंध त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उघडलाही नाही, नुसता मांडीवर ठेवून घेतला. बोलणं तमिळमध्ये झालं.

“कुणी वाचला का हो शेवटी हा?” त्यांनी विचारलं.

चारुलतानं सगळं सांगितलं. मोडलेलं लग्न, नोटीस, समिती. मग तिनं न राहवून विचारलं, “सर, तुम्ही खरी नावं का घातलीत? आद्याक्षरं घालायची पद्धत तेव्हाही होती ना?”

“आद्याक्षरंच घातली होती.” राममूर्तींनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. “माझी वही एकदा सईबाईनं पाहिली. तिला इंग्रजी अक्षरं वाचता यायची. म्हणाली, हा एस. कोण? एस.ला न्यायला कोण येईल? माझं पुरतं नाव लिहा, नवऱ्याचं लिहा, गल्ली लिहा. पुस्तक होणार ना? कुणीतरी वाचेल आणि येईल. तिचं ऐकून आणखी दहा जणींनी तसंच सांगितलं. नावं घाला म्हणाल्या.”

“आणि बाकीच्या एकतीस?”

“त्यांना विचारलं नाही. काहींना विचारून कळण्यासारखं नव्हतं, काहींना विचारायला मी गेलोच नाही. अकरांची घातली, मग सगळ्यांचीच घातली. ते माझं चुकलं. मला वाटलं होतं, वाचून लोक येतील. पुस्तक कपाटात गेलं. मी तिच्या नवऱ्याला दोन पत्रंही लिहिली होती. उत्तर आलं नाही.”

म्हणजे ती वाट पाहत होती हे व्यासराज रावांना माहीत होतं. चारुलतानं ते मनात नोंदलं, आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट काढली.

“सर, ती खासगी भाषा नव्हती. मराठी होती.” आणि तिनं त्या चार ओळींचा अर्थ त्यांना तमिळमध्ये सांगितला.

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. बराच वेळ तो धोतराच्या सोग्यानं पुसत राहिला. “तंजावरची बाई,” तो म्हणाला. “माझ्या विभागात तेव्हा मराठी शिपाई होता. मी हाक मारली असती तरी आला असता.”

शनिवारी दुपारी ग्रंथालय जवळजवळ रिकामं असतं. चारुलता निघायच्या तयारीत होती तेव्हा तिशीच्या पुढची एक बाई आली. साधी सुती साडी, खांद्याला ऑफिसची पर्स, केसांत मोगऱ्याचा सुकत आलेला गजरा. उन्हातून आल्यामुळे चेहरा लाल झाला होता.

“मॅडम, मी कनका. व्यासराज राव माझे अप्पा.”

चारुलताला वाटलं, आता हीही भांडणार. पण ती बसली आणि दोन्ही हात मांडीत घट्ट धरून म्हणाली, “माझा धाकटा भाऊ, तम्बी, रागांत म्हणाला, तुझ्या आईमुळें माझें लग्न मोडलें. मीं म्हटलें, माझी आई मला तीन महिन्यांची टाकून काविळीनें गेली, तिनें तुझें काय मोडलें? तेव्हां तो त्या पानाचें अस्कें बोलून गेला. मीं घरीं येऊन शोधलें, पण आतां तें पान उघडत नाहीं. मला तें वाचूं द्या.”

नोटीस आलेली, समिती बसलेली. प्रबंध कुणालाही द्यायचा नाही, असा तोंडी हुकूम होता. चारुलतानं जिन्याकडे पाहिलं आणि किल्ली उचलली.

“वर या माझ्याबरोबर.”

तिनं कनकाला खिडकीशी बसवलं आणि प्रबंध समोर ठेवला. आधी सांगावं की नको, हे तिला ठरवता येईना. दुसऱ्या पानावर काही मराठी आहे, एवढंच ती म्हणाली. हवं तर मी वाचून दाखवते.

“नको,” कनका म्हणाली. “मला मराठी अक्षरें येत नाहींत. आमच्या घरांत अस्के मराठी असेंच लिहितात, इंग्लीश अक्षरांत.”

ती बोट ठेवून वाचत गेली. बोट दुसऱ्या पानावर आलं, त्या चार ओळींवर आलं. ती अडखळली नाही. रोजच्या निरोपाची चिठ्ठी वाचावी तशी सरळ वाचून गेली आणि पुढच्या परिच्छेदावर गेली. मग थांबली. बोट परत मागं आलं.

चारुलतानं तोंड फिरवलं. खाली स्टेशनाकडून गाडीचा आवाज आला आणि गेला. बऱ्याच वेळानं मागून कनका म्हणाली, “बाळ म्हणजे मी.”

“हो.”

“ही ७९ सालीं जिवंत होती. मग आतां?”

“मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.”

“मग तुम्ही माझ्याबरोबर या, अक्का. मला एकटीला भीति वाटते.”

नकार द्यायला चारुलताकडे कारणं पुष्कळ होती. त्यातलं एकही तिला उच्चारता आलं नाही.

आश्रयगृह अंबत्तूरच्या कारखान्यांपलीकडे होतं. कुठल्याशा ट्रस्टनं चालवलेलं. लांबट कौलारू इमारत, पुढं कडुलिंब, दोरीवर एकाच रंगाच्या साड्या वाळत घातलेल्या. दोघी सोमवारी रजा टाकून गेल्या. बसमधून उतरल्यावर कनका रस्त्यातच थबकली.

“पंचाण्णवाच्या अखेरीस मीं ह्याच रोडवर कामाला लागलें. त्या कोपऱ्यावर टेलिफोनच्या कंपनींत. दीड वर्ष. हें गेट रोज बसमधून दिसत होतें.”

कचेरीतल्या बाईंनी जुनी नोंदवही काढून दिली. नाव लगेच सापडलं, आणि नावापुढची तारीखही. सप्टेंबर १९९६. न्यूमोनिया. अंत्यसंस्कार संस्थेनं केले.

कनकानं हिशेब केला असावा, ओठ हलले. ती त्या वेळी बावीस वर्षांची होती आणि तिथून चालत दहा मिनिटांवर रोज डबा खात होती.

एक जुनी सेविका अजून कामावर होती. पाठीत वाकलेली, तोंडात दात नाहीत. सईबाई म्हटल्यावर तिला ओळख पटवून द्यावी लागली नाही. “चांगली होती,” ती तमिळमध्ये म्हणाली. “शेवटची आठ-दहा वर्षं तर तिला काही होत नव्हतं. गोळ्या घ्यायची, स्वयंपाकघरात काम करायची. आलेल्या नव्या बायकांना न्हाऊ घालायची. बाळंतीण आली तर दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.”

“मग तिला सोडलं का नाही?” चारुलतानं विचारलं.

“कुणी धरलं होतं? दार उघडंच असायचं. जाणार कुठं?”

परतताना बसमध्ये कनका खिडकीशी बसली. चारुलता तिच्या शेजारी बसून मनाशी भांडत राहिली. कपाट वीस वर्षं आधी उघडं असतं तर? शहाण्णव साली कुणाच्या घरी इंटरनेट होतं? पण चिठ्ठीची अट नसती, एखादा मराठी वाचक सहज चाळायला आला असता, तर? आणि दुसऱ्या बाजूनं, जिला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं त्या साखळीनं बांधलेल्या पोरीचं नाव आपण जगापुढं टांगलं होतं. आठ महिने ते टांगलेलं होतं. ती पोरगी कुठंतरी पन्नाशीची बाई असेल, सून असेल, सासू असेल. तिनं दाद कुणाकडे मागावी? दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि कुठलीही एक धरली की दुसरी टोचायची.

सप्टेंबरच्या शेवटी समितीची बैठक झाली. कुलसचिव, दोन प्राध्यापक, शेषाद्री आणि चारुलता. चारुलतानं लिहून आणलेलं वाचलंच नाही.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी न वाचता चढवलं. आकडा गाठायचा होता म्हणून. त्या बेचाळीस बायकांपैकी अकरा जणींनी आपलं नाव छापायला सांगितलं होतं, एकतीस जणींना कुणी विचारलंच नव्हतं. ते विचारण्याची पाळी आता आपली होती आणि मी ते केलं नाही. मला काय शिक्षा करायची ती करा. पण बाकीचे प्रबंध बंद करू नका. ते वाचणारी माणसं आहेत.”

मग तिनं कनकाचं पत्र पुढं ठेवलं. माझ्या आईची हकिकत तिच्या नावासह लोकांना वाचता यावी, मुलगी म्हणून माझी संमती आहे, असं त्यात लिहिलं होतं.

कुलसचिवांनी पत्र वाचलं. “मुलीची संमती आहे. नवऱ्याचा आक्षेप आहे. पहिला हक्क कुणाचा?”

“सईबाईंचा,” चारुलता म्हणाली. “आणि त्यांनी सांगून ठेवलेलं आहे.”

“लेखी आहे?”

राममूर्तींच्या वहीत होतं. पण ती वही म्हणजे काही संमतिपत्र नव्हे, असं एक प्राध्यापक म्हणाले, आणि ते कायद्यानं बरोबरच होतं.

निकाल चार ओळींचा लागला. तो प्रबंध कुलपात; परवानगीनंही द्यायचा नाही. भांडार तूर्त बंद. प्रत्येक प्रबंध पानन् पान तपासून मगच पुन्हा खुला करायचा. ते काम नव्या समितीकडे. चारुलता देवस्थळींची बदली नियतकालिकांच्या विभागात.

बाहेर आल्यावर शेषाद्रींनी तिला कॉफी पाजली. “नोकरी राहिली हे नशीब समजा,” ते म्हणाले. आणि मग कपातच बघत, “पानन् पान तपासायला नव्या समितीत कुणाला वेळ नाही. शनिवारी तुम्ही येऊन बसलात तर मी पाहणार नाही.”

ती बसू लागली. परिशिष्टं आधी, मग बाकीचं. एका प्रबंधाला कधी तास, कधी दोन दिवस. गावांची नावं, रुग्णांची नावं, शाळेतल्या मुलांचे फोटो, एका जागी तर बापाच्या गुन्ह्याचा तपशील मुलीच्या नावासह. जिथं शंका येई तिथं ती लिहिणाऱ्याला फोन करायची. पुढल्या जूनपर्यंत साडेचारशे पुन्हा खुले झाले. क्षारांवरचा पहिल्या आठवड्यातच झाला. त्यात माती सोडून कुणाचं नाव नव्हतं. मकरंद चिडायचा, शनिवारसुद्धा त्या कपाटांना, म्हणायचा. पण संध्याकाळी तांबरम स्टेशनवर तिला घ्यायला यायचा.

कनका अधूनमधून येत राहिली. तिनं बापाशी बोलणं तोडलं नव्हतं. “काय करूं अक्का,” ती म्हणायची, “रागावलें तर अप्पा मान खालीं घालतात. मग मला माझाच राग येतो.” सावत्र आईला तिनं स्वतः सगळं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या बाईनं पंचांग काढून कनकाला विचारलं, तारीख काय म्हणालीस, तिची तिथि कोणती येते तें पाहूं. आणि त्या वर्षी तिनं आपल्या हातानं श्राद्धाचा स्वयंपाक केला. व्यासराज राव त्या दिवशी पानावर बसले. जेवले की नाही ते कनकानं सांगितलं नाही.

बाकीच्या दहा जणींचं चारुलताच्या डोक्यातून जाईना. ज्यांनी नाव लिहा म्हणून सांगितलं होतं त्या. राममूर्तींनी वही काढून दिली. आश्रयगृहातून कळलं की त्यातल्या दोघी अजून तिथंच आहेत, बाकीच्यांची नोंद मृत्यूची. मग दोघांनी बसून दहा पत्रं लिहिली. मजकूर चारुलताचा, सही राममूर्तींची. जिवंत दोघींच्या घरी, की ती अजून अंबत्तूरच्या आश्रयगृहात आहे; मरण पावलेल्यांच्या घरी एवढंच, की तुमच्या घरची ही व्यक्ती अमुक साली अमुक ठिकाणी गेली, तिनं तुमची आठवण काढली होती. ह्यालाही संमती नव्हती, हे चारुलताला कळत होतं. लिहिताना हात दोनदा थांबला.

सहा पत्रं परत आली. गल्ल्या बदललेल्या, घरं पाडलेली. तीन पत्रांना उत्तर नाही. एक उत्तर आलं, कुंभकोणमजवळच्या गावाहून, वहीच्या फाडलेल्या पानावर, तमिळमध्ये: ह्या नावाची आमच्या घरात कुणी नव्हती. पुन्हा लिहू नये.

ज्या बाईबद्दल हे उत्तर होतं ती आश्रयगृहात जिवंत असलेल्या दोघींपैकी एक होती. आता सदुसष्ट वर्षांची.

चारुलतानं पत्र राममूर्तींना त्यांच्या ओसरीवर वाचून दाखवलं. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हिरवी पट्टी होती.

“सोडून द्यायचं का?” त्यांनी विचारलं.

“त्यांनी नको म्हणून कळवलंय, सर.”

“घरच्यांनी कळवलंय. तिनं नाही.”

कनका खालच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिनं पत्र मागून घेतलं, अक्षर निरखलं. “हें बाईमाणसाचें अक्षर आहे,” ती म्हणाली. “उत्तर द्यावयाचें नव्हतें तर गप्प राहिली असती. मी आधीं अंबत्तूरला जातें. त्या अम्मांना विचारतें, तुम्हांला अजून घरीं जावयाचें आहे का. हो म्हणाल्या तर मग कुंभकोणम.”

“आणि नको म्हणाल्या तर?”

“मग थोडा वेळ बसेन त्यांच्याजवळ आणि येईन.”

चारुलतानं पर्समधून डायरी काढली. रविवार मोकळा होता. सकाळची सात-दहाची गाडी पकडली तर ऊन चढायच्या आत पोचता येईल, असं ती म्हणाली.